दाढीचा ब्रश: मऊपणा वेगळा, जोर वेगळा

प्रश्न: भाच्याने इंग्लंडहून हाताने बांधलेले, बॅजर या रानटी प्राण्याच्या केसांचे दोन ब्रश आणले. एकावर ‘सिल्व्हरटिप’ लिहिलंय, दुसऱ्यावर नुसतं ‘बेस्ट’. दोन्हींचा झुबका बुंध्याशी २४ मिमी. पहिल्याचे केस मुठीबाहेर ५७ मिमी, डोकं बल्बसारखं गोल, रंगाचे पट्टे तीन. दुसऱ्याचे केस ४८ मिमी, डोकं पंख्यासारखं पसरट, पट्टे दोन. पहिला बराच महाग. गालाला अगदी मऊ लागतो, पण साबणाच्या वडीवर फिरवला की लोळतो आणि फेस पातळ येतो. दुसरा किंचित टोचतो, पण फेस भरपूर देतो. मग महाग ब्रश हलका निघाला असं समजायचं का? आमच्या अपार्टमेंटला बोअरचं पाणी आहे.
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: तुम्ही मापं घेऊन पाठवलीत याचा आनंद झाला. बहुतेक पत्रांत ब्रशचं नाव आणि किंमत एवढंच असतं, त्यावरून काही सांगता येत नाही. तुमच्या पत्रातले कामाचे आकडे दोनच, ५७ आणि ४८.

आधी नावांचं बघू. ‘प्युअर’, ‘बेस्ट’, ‘सुपर’, ‘सिल्व्हरटिप’ या प्रती ठरवून देणारं सर्वमान्य प्रमाण कुठेही नाही. प्रत्येक कारखाना आपल्या मालाला आपल्या मताने नाव देतो. ढोबळ अर्थ इतकाच, की ‘प्युअर’ म्हणजे काळसर आणि राठ केस, ‘सिल्व्हरटिप’ म्हणजे पांढऱ्या टोकांचे बारीक केस, आणि बाकीच्या प्रती या दोहोंच्या मधल्या. केस किती दाट भरलेत आणि झुबका मुठीत किती खोल बसवलाय, हे त्या नावात कुठेच येत नाही. ब्रश तोंडावर कसा वागणार ते मात्र याच दोन गोष्टी ठरवतात.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करत आलोय आणि ब्रशच्या मुठी घडवतो, म्हणून माझ्या कामातलं उदाहरण देतो. कापणारं टूल त्याला पकडणाऱ्या टूलपोस्टच्या बाहेर जास्त काढलं की थरथरतं, हे आमच्याकडचं शिकाऊ पोरगंही जाणतं. तेवढ्याच जोराला टूल किती वाकेल ते बाहेर काढलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं. केसाचंही तेच. तुमचा पहिला ब्रश दुसऱ्यापेक्षा फक्त ९ मिमी उंच आहे, पण ५७ ला ४८ ने भागून घन केला की सुमारे १.७ येतात. म्हणजे जाडी सारखी धरली तरी पहिल्याचा केस पावणेदोनपट सहज वाकणार. बॅजरचा केस मध्ये जाड आणि टोकाकडे निमुळता असतो, त्यामुळे हिशेब तंतोतंत जुळणार नाही, पण कल तोच. त्यात दोन पट्ट्यांच्या केसाची काडी सहसा तीन पट्ट्यांच्या केसापेक्षा जाड असते. हे सगळं दुसऱ्या ब्रशच्या बाजूने गेलं आणि वडीवर तो जिंकला. पहिला हलका नाही, तो वेगळ्या कामासाठी बांधलाय.

मऊपणा आणि जोर या दोन गोष्टी आपण एकच धरतो, सगळा घोटाळा तिथे होतो. मऊपणा टोकात असतो, जोर काडीत आणि दाटीत. टोकं अतिशय मऊ आणि तरीही झुबका दाबला की ठाम उभा, असा ब्रश बनतो आणि तोच बनवायला सगळ्यात अवघड. चांगल्या ब्रशला टोकाकडून कात्री लावत नाहीत. केस टोकं खाली करून वाटीसारख्या साच्यात भरतात, तिथेच डोक्याला गोलाई येते, मग बुंधा दोऱ्याने बांधून चिकटवतात. हाताने बांधलेल्या ब्रशाचे जादा पैसे आपण या भरण्याच्या आणि निवडण्याच्या कामाचे देतो. टोकं छाटलेली असतील तर कितीही वापरा, ती टोचतच राहतात. तुमच्या दुसऱ्या ब्रशाचं टोचणं पहिल्या काही आठवड्यांत कमी होत गेलं तर टोकं शाबूत आहेत. नाही झालं तर भिंगाखाली बघा: नैसर्गिक टोक निमुळतं होत संपतं, छाटलेलं बोथट दिसतं.

नावाजलेल्या ब्रिटिश कारखान्यांतही हे दोन उलट स्वभाव दिसतात. १७७७ पासून चालू असलेल्या केंटचे सिल्व्हरटिप ब्रश मऊ आणि लवचीक म्हणून ओळखले जातात. सिम्पसनचा ‘चबी’ आखूड, गच्च भरलेला आणि ताठ. दोन्हींना जीव लावणारी माणसं आहेत, आणि प्रत्येकाला आपलाच ब्रश खरा वाटतो.

आता तुलना कशी करायची ते सांगतो. कोरडा ब्रश गालावर फिरवून मत बनवू नका, दुकानात सगळे तेच करतात. दोन्ही ब्रश कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवा, एकदा झटका, तळहाताच्या पाठीवर सरळ दाबा आणि किती दाबल्यावर झुबका फाकतो ते बघा. मग एकाच साबणाने, एकाच पाण्याने, अर्ध्या चेहऱ्याला एक आणि अर्ध्याला दुसरा लावा. टोकं कशी लागतात याबरोबर फेस किती सुटतो हेही पाहा. गच्च ब्रश फेस पोटात धरून ठेवतो, दुसऱ्यांदा फेस लावताना झुबका पिळावा लागतो. विरळ ब्रश असेल नसेल तेवढा फेस लगेच देऊन टाकतो. मला स्वतःला हा फेस सोडण्याचा गुण मऊपणापेक्षा महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही याचं नवल वाटतं.

ही तुलना बोअरच्या पाण्यावर करू नका. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून चोथा करतात, त्यामुळे फेस बसतो आणि दोष ब्रशाला लागतो. नळाचं तांब्याभर पाणी वेगळं ठेवा. बोअरचंच वापरायचं असेल तर साबण जास्त घ्यावा लागेल.

दोन्ही ठेवा. लांब ब्रश क्रीमसाठी आणि वाटीत फेस करण्यासाठी, आखूड ब्रश वडीसाठी आणि थेट गालावर फेस करण्यासाठी. लांब ब्रशाने वडीच वापरायची असेल तर अंघोळीआधी वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवा, वरचा थर मऊ झाला की लोळणारा ब्रशही साबण उचलतो. एकच ठेवायचा असता तर मी ४८ मिमीचा ठेवला असता.

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीत टर्नर आहे. तयार झुबका मागवून मूठ स्वतः बनवायची आहे. भोक किती खोल घ्यावं? लाकूड कोणतं?
— एक तरुण वाचक, शिये

उत्तर: वरचं उत्तर वाचलंत तर खोलीचं महत्त्व कळलंच असेल. ब्रशाचा स्वभाव तुमच्या ड्रिलवर ठरणार आहे.

झुबका हातात येईपर्यंत भोक घेऊ नका. पाकिटावर २४ लिहिलेलं असलं तरी चिकटवलेल्या बुंध्यावर व्हर्निअर लावून बघा, फरक निघतो. भोकाचा व्यास बुंध्यापेक्षा अर्धा ते एक मिमी मोठा ठेवा, म्हणजे चिकटवायला जागा राहते. बाहेरची उंची झुबक्याच्या व्यासाच्या साधारण दुप्पट धरून सुरुवात करा. २४ ला ४८ ते ५२. भोक थोडं खोल घ्या आणि तळाला लाकडी चकत्या टाकून उंची वर-खाली करून बघा. ब्रश न चिकटवता, कोरडाच, बोटांनी दाबून बघत बघत तुमची उंची सापडेल. घाई नको, इथे एक-दोन मिमीनेही हाताला फरक कळतो. मात्र चिकटवलेला बुंधा पूर्ण आत जायला हवा आणि केस फाकायला मोकळे राहायला हवेत. फार खोल गेलं तर झुबका भोकाच्या काठाने आवळला जातो आणि ब्रश काठीसारखा कडक होतो. पहिल्या मुठीला इपॉक्सीऐवजी सिलिकॉन लावा, मत बदललं तर झुबका काढता येतो.

शिसव सुंदर दिसतं, वजनही छान, पण कोल्हापूरच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. भोकाच्या आतूनसुद्धा सील करा, बरेच जण फक्त बाहेरून पॉलिश करतात आणि पाणी आतून शिरतं. रोजच्या वापराला ॲक्रिलिकचा दांडा घ्या असं मी सांगेन. पितळ टाळा, डोकं हलकं आणि बूड जड झालं की ब्रश मनगटात फिरत नाही. आणि मुठीच्या मध्यावर बारीक गळा द्या, साबणाच्या हातातून मूठ निसटते तेव्हा तोच धरायला असतो.

प्रश्न: आम्ही जैन आहोत. बॅजरचे केस मेंढीच्या लोकरीसारखे कातरून काढतात असं दुकानदार म्हणाला. खरं आहे का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर: नाही. बॅजर मारूनच त्याचे केस मिळतात. इंग्लंडमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे, त्यामुळे तिथल्या कारखान्यांतही केस मुख्यतः चीनमधून येतात. डुकराच्या केसांचा ब्रशही तुम्हाला चालणार नाही. घोड्याच्या शेपटीचे आणि आयाळीचे केस मात्र जनावर न मारता कापता येतात.

तुमच्यासाठी कृत्रिम तंतूंचा ब्रश उत्तम, आणि हे मी मन राखायला म्हणत नाही. अलीकडचे बारीक तंतू टोकाला खरोखर मऊ असतात, भिजवावे लागत नाहीत, लवकर वाळतात आणि साबण कमी लागतो. पाणी ते बॅजरइतकं धरत नाहीत, म्हणून फेस करताना पाणी थेंबाथेंबाने वाढवत न्या. दाबल्यावर ते जरा उसळतात, ती सवय होते.

आपल्याकडे चित्रकारांच्या वापरातल्या मुंगसाच्या केसांच्या ब्रशाबद्दलही काही वाचक विचारतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुंगसाच्या केसांचा व्यापार बेकायदा आहे. कुठल्याही कामासाठी तो ब्रश घेऊ नका.

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. त्यांच्या ट्रंकेत दाढीचा ब्रश सापडला. वापरू का?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर: केस वापरू नका. त्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून स्वस्त ब्रश विकले गेले. केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते, त्यातून सैनिकांना आणि नागरिकांनाही अँथ्रॅक्स हा जिवाणूंचा जीवघेणा रोग झाला. त्या रोगाचे बीजाणू फार चिवट असतात, घरी उकळून खात्री देता येत नाही. तुमचा ब्रश तसला असेलच असं नाही, पण पारख करायला केस हाताळू नका, कोरडे झटकू तर मुळीच नका. पिशवीत बंद करून ठेवा आणि आरोग्य खात्याला विचारा. मूठ हवी असेल तर त्यांनी सुरक्षित म्हटल्यावर कुणाही टर्नरकडून जुना झुबका काढून नवा बसवून घ्या. ती मूठ पुढची पिढीही वापरेल.

प्रश्न: गगनबावड्याला पावसाळ्यात ब्रश वाळतच नाही, कुबट वास येतो. टांगून ठेवावा का?
— एक वाचक, गगनबावडा

उत्तर: टांगला काय आणि उभा ठेवला काय, फारसा फरक पडत नाही. वारा लागतो की नाही ते महत्त्वाचं. न्हाणीतल्या कपाटातून तो आधी बाहेर काढा. दाढी झाली की झुबक्याच्या मुळापर्यंतचा साबण धुऊन काढा, झुबका हाताच्या मुठीत धरून पाणी दाबून काढा, ओढू नका. दोनदा झटका आणि कोरड्या पंचावर मागे-पुढे फिरवा. मग खिडकीशी किंवा पंख्याखाली ठेवा. तुमच्याकडच्या पावसात दोन ब्रश आलटून पालटून वापरलेत तर प्रत्येकाला दीड-दोन दिवस मिळतात.

मुळाशी पांढरट थर दिसत असेल तर तो साबणाचा चोथा. कपभर कोमट पाण्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर घालून त्यात पाचेक मिनिटं फिरवा आणि भरपूर पाण्याने धुवा. कढत पाणी मात्र नको, केस ठिसूळ होतात आणि बुंध्याचं चिकटवण सैल पडतं. नव्या बॅजरला पहिल्या काही वेळा जनावराचा वास येतो, तो वेगळा, रोजच्या साबणाने आपोआप जातो.

पावसाळाभर ब्रश वापरणारच नसाल तर पूर्ण वाळवून बंद डब्यात ठेवा. लोकरीला लागते तशी या केसांनाही कसर लागते.