नोंद मुलाची हवी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रविवारी तू गेलीस आणि तुझी उपक्रम नोंदवही माझ्याकडेच राहिली. रात्री ती उघडून बसले. १ जुलै, कृषी दिन, कुंडीत तुळस लावली. आषाढीची दिंडी, पटांगणात रिंगण. गुरुपौर्णिमा. ११ जुलै, लोकसंख्या दिन, घोषवाक्यांचे फलक. २३ जुलै, टिळक जयंती, सहा भाषणं. मधे दोन आनंददायी शनिवार, एक कागदी पिशव्यांचा आणि एक पाऊसगाण्यांचा. प्रत्येक पानावर चार फोटो चिकटवलेले, खाली तुझी सही, मुख्याध्यापकांची सही. अक्षर सुरेख आहे तुझं. पण वही चाळून संपली आणि लक्षात आलं, तुझ्या सातवी ब मधल्या एकाही मुलाचं एकही वाक्य त्यात नाही.

दारात चप्पल घालता घालता तू म्हणालीस, "बाई, महिना संपला, पण मुलं काय शिकली असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही." तेच मनात घोळत राहिलं, म्हणून हे पत्र. तू मेहनती आहेस, मुलांवर तुझा जीव आहे, हे दोघींनाही ठाऊक आहे. त्यावर शाई घालवत नाही.

मला एकच सांगायचंय. नोंद मुलाची हवी. दिंडी काढ, तुळस लाव, हवं ते कर. पण त्या दिवशी घरी जाताना प्रत्येक मुलाच्या वहीत त्याचं स्वतःचं एक वाक्य असलं पाहिजे. फळ्यावरून उतरवलेलं चालणार नाही. तू सांगितलेलंही चालणार नाही. ते वाक्य नसेल तर तो दिवस तुझा झाला, मुलाचा झाला नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. मी ते एका मुलाचं नुकसान करून शिकले.

१९८६ साली मी लालबागला शिक्षिका म्हणून लागले. गिरण्यांचा संप सुरू होऊन चार वर्षं झाली होती. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील घरी बसलेले किंवा गावाला गेलेले. जुलैतच सातवीला निबंध दिला, 'पावसाळ्यातील एक दिवस'. मागच्या बाकावरच्या एका मुलाने पहिलंच वाक्य लिहिलं होतं: "पाऊस आला की आमच्या खोलीत पाणी येत नाही, माणसं येतात." मी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'विषय सोडून'. मग फळ्यावर नमुना निबंध लिहिला, हिरवा शालू, नाचणारा मोर, सगळं. त्याने तो मुकाट्याने उतरवून घेतला. एकही चूक नाही. मी 'छान' असा शेरा दिला.

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षं लागली. चाळीतले गडी माणसं गॅलरीत, जिन्यावर, फुटपाथवर निजायची. पाऊस सुरू झाला की वळकट्या घेऊन सगळी आत, दहा बाय बाराच्या खोलीत. त्या पोराने एका ओळीत अख्खं गिरणगाव लिहिलं होतं आणि त्याच्या बाईंनी मोर मागितला. आठवीत त्याने शाळा सोडली. माझ्यामुळे सोडली असं म्हणत नाही, घरची परिस्थिती होती. पण त्यानंतर त्याने माझ्या वर्गात एकही वाक्य स्वतःचं लिहिलं नाही, हे मला माहीत आहे. ती वही माझ्याकडे नाही. वाक्य तेवढं राहिलंय.

तेव्हापासून मी अडून बसले. नोंद मुलाची हवी.

तू म्हणशील, पण बाई, करायचं कसं? पन्नास मुलं, चाळीस मिनिटांची तासिका. सांगते. महिनाभरात सात गोष्टी करू नकोस, एक कर. मी २०१५ च्या जुलैत एकच गोष्ट केली, पाऊस मोजला.

सरळ बाजूंच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणायला लावल्या. वरचा भाग कापून उलटा बसवला, नरसाळ्यासारखा. बाटलीचा तळ सपाट नसतो, म्हणून आधी थोडं पाणी ओतून तिथे शून्याची खूण केली आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवली. आठ गट, आठ बाटल्या, सगळ्या आपल्या परळच्या शाळेच्या गच्चीवर. हवामान खातं सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, साडेआठ ते साडेआठ असा त्यांचा दिवस. आपली शाळा सकाळची, त्यामुळे आम्हीही साडेआठलाच मोजायचो. गटातले दोघे वर जायचे, मोजायचे, शून्याच्या खुणेपर्यंत पाणी ओतून द्यायचे, खाली येऊन लिहायचे. सात मिनिटं. बाकीचा वर्ग गणितात असायचा.

पहिल्या आठवड्यात काय झालं बघ. पेपरात कुलाब्याचा आणि सांताक्रूझचा आकडा येतो. दोन गटांनी गच्चीवर न जाताच पेपरातला आकडा उतरवला. विचारलं तर म्हणाले, "बाई, छापलेलं बरोबर असणार ना." त्यांचा दोष नव्हता. छापलेलं ते खरं आणि आपलं ते कच्चं, हे पहिलीपासून आपणच शिकवलेलं. मी रागावले नाही, त्यांना वर पाठवलं. परळचा पाऊस ना कुलाब्याचा होता ना सांताक्रूझचा. आमचा आकडा कुठल्याच पेपरात नव्हता. तो फक्त त्या वह्यांमध्ये होता, आणि ते कळल्यावर मुलांचे चेहरे काय झाले ते तुला दाखवायला हवं होतं.

एका गटाचा आकडा रोज कमी यायचा. दुसरी कुणी बाई असती तर तो खोडून सरासरी लिहायला लावली असती. मी थांबले. आठव्या दिवशी त्या गटातल्या मुलीने लिहिलं: "आमची बाटली टाकीच्या आडोशाला आहे म्हणून पाऊस कमी भेटला. बाटली बरोबर होती, जागा चुकली." 'भेटला' मी तसाच ठेवला. 'मम्मी बोलली' सुद्धा ठेवते. मुंबईचं मूल असंच बोलतं, आणि तुझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरी तर मराठी नाहीच. शुद्धलेखन शिकव की! दहा नेहमीच्या चुका फळ्यावर घे, रोज दहा मिनिटं घे, सराव करून घे. पण नोंदवहीत लाल पेन घेऊन शिरू नकोस. लाल पेन काय करतं ते वर लिहिलंय.

मग २६ जुलै जवळ आला. २००५ च्या त्या दिवसाला दहा वर्षं होत होती, माझी सातवीची मुलं तेव्हा दोन वर्षांची असतील. मी फळ्यावर दोनच आकडे लिहिले. सांताक्रूझ ९४४ मिलिमीटर, कुलाबा ७३. एकच शहर, एकच दिवस. रोज मोजणाऱ्या मुलांना ९४४ म्हणजे काय ते सांगावं लागलं नाही. त्यांच्या बाटल्याच तेवढ्या उंच नव्हत्या. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हे आधीच झालेलं. कुणीतरी आपल्या गच्चीचा हिशेब मांडायला बसलं. आणि मागून प्रश्न आला, "मग बाई, आपल्या परळला किती?" मला माहीत नव्हतं. मी तसंच सांगितलं. म्हटलं, आकडा नाही, पण माणसं आहेत. घरी विचारा, आणि एक वाक्य आणा.

दुसऱ्या दिवशी सेहेचाळीस वाक्यं आली. "बाबा शीवपासून मुलुंडपर्यंत रुळावरून चालले, चप्पल हातात होती." "आजीने अनोळखी सहा बायकांना चहा दिला, साखर संपली तर गूळ टाकला." "आमच्या घरी त्या दिवसाबद्दल कोण बोलत नाही." हे शेवटचं वाचून मी पुढे काही विचारलं नाही. तूही अशा ठिकाणी विचारू नकोस. नोंद मुलाची असते, तिचा वापर आपण करायचा नसतो.

भरती-ओहोटीचा पाठ त्याच महिन्यात ओढून घेतला. वरळी कोळीवाड्यातून येणारा एक मुलगा होता, तोंड न उघडणारा. मी व्याख्या सांगायला लागले तेव्हा तो पहिल्यांदा बोलला, "आज भांगाचं पाणी आहे, चढणार नाय." पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान भरती, रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तास उशिरा, हे त्याच्या घरात सगळ्यांना पाठ. त्याला उभं केलं आणि मी बाकावर बसले. मग वर्गाने पेपरातल्या भरतीच्या वेळा आणि आमचा पाऊस शेजारी शेजारी मांडला आणि परळजवळच्या हिंदमाताला पाणी कधी तुंबतं ते बघितलं. जागा खोलगट आहे हे सगळ्यांना दिसतंच. पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी समुद्रात शिरू शकत नाही, हे एका मुलीने आपल्या शब्दांत लिहिलं: "समुद्र दार लावून घेतो." याहून चांगलं वाक्य मला एकाही पुस्तकात सापडलं नाही. जोडस्तंभालेख त्याच आकड्यांवर शिकवले. वेगळी उदाहरणं कशाला हवीत?

आणि दिंडी? दिंडी आम्हीही काढली. त्याबद्दल फार लिहीत नाही.

हे सगळं मी शोधून काढलं असा माझा दावा नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांमधून सहावी ते आठवीचं विज्ञान असंच सुरू झालं. चार-चार मुलांचे गट, हाताने प्रयोग, स्वतःच्या शब्दांत निष्कर्ष, परीक्षेला वही-पुस्तक उघडं. तीस वर्षं चाललं ते. आपल्याकडेही सरकारने २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत कोरी पानं घातली, वर छापलं 'माझी नोंद'. मला काय आनंद झाला होता! आणि मग एका शेजारच्या मुलीचं पुस्तक पाहिलं. 'माझी नोंद'खाली शब्दार्थ, तेही फळ्यावरून. दोन वर्षांत तो निर्णय मागे घेतला. पानं देऊन काय होतं? 'माझी' या शब्दावर आपला विश्वास हवा.

आता तुझा मुद्दा, वरिष्ठ काय म्हणतील. म्हणतील. मलाही म्हटलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या वर्गाच्या वह्या उघडल्या, चुका जशाच्या तशा पाहिल्या आणि शेरा लिहिला, 'शिक्षिका वह्या तपासत नाहीत.' मी प्रत्येक वही वाचत होते, प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीने एक प्रश्न लिहीत होते. ते प्रश्न त्यांनी वाचले नाहीत. पुढे मुख्याध्यापकपदाची वेळ आली तेव्हा तो शेरा पुढे आला आणि माझ्या मागून लागलेल्या व्यक्तीला ती खुर्ची मिळाली. मला वाईट वाटलं. अजून वाटतं, खोटं कशाला बोलू? घरच्यांनी समजावलं, लोकांना दाखवायला म्हणून वेगळी वही ठेव. मी नाही ठेवली. दोन वह्या ठेवल्या की मुलांना लगेच कळतं, खरी कुठली आणि साहेबांची कुठली, आणि मग ती साहेबांचीच लिहायला लागतात. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तुला हे परवडेल की नाही ते तुझं तू ठरव, तुझ्यावर घरभाड्याचा भार आहे, मला तो नव्हता. मात्र अहवाल तर तुला द्यायचाच आहे ना? फोटोच्या जागी मुलांची चार वाक्यं चिकटव. नियमात बसतं ते. सातत्यपूर्ण मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी मागतात, त्या तू मार्गदर्शिकेतून उतरवतेस, 'लक्षपूर्वक ऐकतो', 'गटात सहभागी होतो'. पन्नास मुलांना मिळून सात वाक्यं! मी मोजली. 'बाटली बरोबर होती, जागा चुकली' असं लिहिणाऱ्या मुलीबद्दल तुला मार्गदर्शिका लागेल का?

रागावू नकोस. मी रागावलेय ती तुझ्यावर नाही, त्या लाल रेघेवर आहे.

ऑगस्टची यादी तयार असेलच तुझी. १ तारखेला टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे जयंती, ९ ला क्रांती दिन, मग १५ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा. यातली एक धर. ९ ऑगस्ट धरलास तर मुलांना ग्रँट रोडला ऑगस्ट क्रांती मैदानावर घेऊन जा, १९४२ ची सभा झाली ते गवालिया टँक. भाषण करू नकोस तिथे. अर्धा तास बसू दे, आज तिथे कोण येतं, कोण खेळतं, कोण झोपलंय ते बघू दे, लिहू दे. इतिहास वर्गात परतल्यावर सांग. तोवर त्यांच्याकडे विचारायला काहीतरी असेल.

तुझी नोंदवही न्यायला येत्या रविवारी ये. २०१५ च्या तीन वह्या माझ्याकडे आहेत, मुलांनी आपणहून दिलेल्या, त्या वाचायला ने, पण परत आण. आणि येताना तुझ्या वर्गातल्या पाच मुलांच्या वह्या घेऊन ये. तुला आवडतात ती पाच नकोत. हजेरीपटावरची शेवटची पाच आण. काही लिहिलेलं नसलं तरी आण.

तुझी,
बाई