उद्या डबल नको

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री पावणेबाराला आला. त्या वेळी तू जागी होतीस हे मला आवडलं नाही, पण ते पुढे बघू. सोबतचं कोष्टकही नीट पाहिलं. पहाटे पाचला उठणं, ध्यान, दहा हजार पावलं, वीस पानं वाचन, साखर बंद, खर्च लिहिणं, घरी फोन. नऊ दिवस सगळ्या चौकटी हिरव्या. दहाव्या दिवशी ऑफिसातून यायला रात्रीचा एक वाजला आणि तिथून पुढे सगळं कोरं. त्याखाली तुझा नवा बेत: शनिवार-रविवारी राहिलेलं सगळं भरून काढायचं. आणि शेवटी, ‘काका, माझ्यात शिस्तच नाहीये.’

ते शेवटचं वाक्य वाचून वाईट वाटलं. त्याच्या वरचं वाचून मात्र राग आला. शिस्त नसलेलं माणूस नऊ दिवस पाचला उठत नाही, तेव्हा ते रडगाणं बंद. तुझं सगळं बिघडतंय ते ‘भरून काढायचं’ या दोन शब्दांपाशी. हे शब्द मी जन्मभर ऐकलेत. माझ्या लाईनवर, म्हणजे दारोदार ठेवी गोळा करायच्या रोजच्या फेरीत, ते असे यायचे: ‘आज राहू द्या हो, उद्या डबल घ्या.’

तुझ्या पिढीतल्या किती जणांनी पिग्मी एजंट पाहिला असेल कोण जाणे, तू पाहिलास. उडुपीच्या ज्या बँकेचं नाव पुढे सिंडिकेट बँक झालं, तिने १९२८ साली ही पद्धत काढली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि दोन आणे असले तरी घेऊन पावती देणार. तीच पद्धत पुढे आपल्याकडच्या पतसंस्थांनी उचलली आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांचा संसार तिच्यावर चालला. दुपारी सांगलीचं मार्केट यार्ड, संध्याकाळी मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ, मग संस्थेत भरणा. सकाळी कधीच जायचं नाही, कारण भवानी व्हायच्या आत दुकानदार गल्ल्यातून रुपया काढत नाही. रात्री उशिराही नाही, कारण तोवर गल्ला घरी गेलेला असतो. मधली एक वेळ असते, पैसा हातात असतो आणि अजून कुठे गेलेला नसतो. त्याच वेळी एजंट दारात उभा पाहिजे. हे लक्षात ठेव, तुझ्या चालण्याबद्दल बोलताना मला लागणार आहे.

यार्डातले हमाल दहा-दहा रुपये द्यायचे. हळदीच्या सौद्याच्या दिवसांत त्यांच्या नोटा पिवळ्या यायच्या, घामाने ओल्या झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. मी त्या सोडवून पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायचो. भरणा घेताना आमचा कॅशियर कुरकुर करायचा, रात्री जेवताना माझ्या बोटांना हळदीचा वास यायचा. आणि पेठेतले कापडवाले, भांडीवाले शंभर-दोनशे द्यायचे. वर्षअखेर मुदत भरायची तेव्हा बहुतेक वेळा हमालाचं खातं पूर्ण असायचं आणि शंभरवाल्याचं अर्ध्यात मोडलेलं. शंभरवाल्याला पैसे कमी नव्हते. त्याला ‘उद्या डबल’ची सवय होती.

ते कसं चालायचं सांगतो. आज राहिलं, उद्या दोनशे. उद्याही गडबड, म्हणजे परवा तीनशे. तीनशे काढताना हात अडखळतो. चौथ्या दिवशी मी कोपऱ्यावर दिसलो की माणूस गल्ल्यावरून उठून आत जायचा आणि पोऱ्याला सांगायचा, ‘मालक नाहीत म्हण.’ ज्याने स्वतःच्या पैशांसाठी मला बोलावलं तोच माझ्यापासून लपायचा. पैशांची अडचण एका दिवसाची होती, पुढची सगळी लाजेची होती.

म्हणून मी डबल घेणंच बंद केलं. काल राहिलं ते राहिलं, आजचे द्या. कोणी दोन दिवसांचे पुढे केले तर एका दिवसाचे घेऊन बाकीचे परत करायचो. माझं कमिशन रकमेवर होतं, म्हणजे तोटा माझाच. संस्थेचे मॅनेजर चिडायचे, ठेवी वाढवायच्या सोडून नाकारतोस म्हणायचे. मी ऐकलं नाही. ज्याच्याकडून आज डबल घेतले त्याला पुढच्या वेळी चुकवण्याची परवानगी मिळते, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्यांना आकडा दिसत होता, मला माणूस रोज समोर दिसत होता. माझ्या लाईनवर मुदतीआधी मोडणाऱ्यांची संख्या कमी होती ती याच हट्टामुळे, असं मी आजही म्हणेन.

तू ‘एकवीस दिवसांत सवय’ असा व्हिडिओ पाठवला होतास ना? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ माणसांवर हे तपासलं होतं. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं; कोणाचा हिशोब १८ दिवसांचा, कोणाचा २५४ चा. आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडत नाही, हेही त्यात दिसलं. मला हे जावयाने वाचून दाखवलं तेव्हा फार बरं वाटलं. खाडा पडण्याने सवय मोडत नाही. ती मोडते खाडा भरून काढण्याच्या नादाने.

तेव्हा त्या कोष्टकातलं एकेक घेऊ.

दहा हजार पावलं हा आकडा तू कुठून आणलास माहीत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. रोजची बावीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. आता ती गल्ल्याची वेळ आठव. तू ऑफिसच्या बसमधून उतरतेस, पायात बूट असतात, खोली दहा मिनिटांवर आहे. तीच तुझी वेळ. खोलीत जाऊन पलंगावर बसलीस की गल्ला घरी गेला. बूट काढायच्या आत एक फेरी मार आणि मग वर जा. पाऊस असेल तर खोलीत सूर्यनमस्कार घाल. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात शाळेतल्या पोरांकडून सूर्यनमस्कार घालून घेतले. औंध आपल्यापासून फार लांब नाही. सूर्यनमस्काराला जिमची वर्गणी लागत नाही. अंगात त्राण नसेल त्या दिवशी तीन घाल. पण चुकलेल्या दिवसांचे रविवारी साठ घालायला जाऊ नकोस. सोमवारी जिना उतरता येणार नाही आणि मंगळवारी तू पुन्हा मला लिहिशील की शिस्त नाही.

पहाटे पाच सोडून दे. तुझं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. एकला झोपून पाचला उठणं ही झोपेची उधारी आहे, आणि शनिवारी बारापर्यंत लोळून ती फिटत नाही. झोपायची वेळ ठरव, उठणं आपोआप येईल. वाचन दोन पानं ठेव. वीस पानांच्या भीतीने पुस्तक उघडायचंच राहतं. ध्यानाबद्दल मला कळत नाही, त्यामुळे बोलत नाही.

पैशांचं मात्र सविस्तर सांगणार, इथे तुला माझं ऐकावंच लागेल. तू लिहिलंस की क्रेडिट कार्डाचं ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरतेस, त्यामुळे अडचण नाही. अगं, अडचण तीच आहे! उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लावतात. वर्षाचे चाळीसच्या घरात गेले. माझ्या लाईनवर दुकानदार म्हणायचा ‘उद्या डबल घ्या’, इथे बँक तुला म्हणते ‘आज थोडंच दे, उद्या डबल दे’, आणि तू हो म्हणतेस. आधी ते कार्ड फेड, एसआयपी वगैरे नंतर. रोजचं काम एकच: रात्री फोनमधला यूपीआयचा हिशोब उघड आणि वहीत हाताने उतरव. चहा वीस, रिक्षा ऐंशी. पुढे काही शेरा मारायचा नाही, जास्त झाला म्हणून स्वतःला बोलायचं नाही. नोट हातातून जाताना बोटांना कळतं. क्यूआर कोडला तेवढंही कळत नाही, म्हणून लिहायचं. चार दिवस लिहिलं नाहीस तर मागचं आठवत बसू नकोस. आजच्या तारखेपासून सुरू कर, वरची पानं कोरी राहू देत.

आणि पिग्मीचं एवढं कौतुक करतोय म्हणून पैसे पतसंस्थेत टाकायला निघू नकोस. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. संस्था बुडाली तेव्हा एजंटच्या दारात येऊन रडणारी माणसं मी पाहिलीत. रोजची सवय पिग्मीची ठेव, पैसा बँकेत ठेव.

आता घरचा फोन. तू लिहिलंस की आईशी निवांत बोलायचंय, गडबडीत फोन करावासा वाटत नाही, म्हणून दोन आठवडे झाले. बघ, तूही गल्ल्यावरून उठून आत गेलीस. एका तासाचं बोलणं थकलंय, म्हणून तू आईचा फोन आला तरी उचलत नाहीस. तिला तासभर नकोय गं. ‘जेवलीस का, मी जेवले, ठेवते’ एवढं तिला पुरतं. तीन मिनिटं, रोज. राहिलेल्या दोन आठवड्यांची माफी मागत बसू नकोस, आज काय झालं ते सांग.

हे मी तुला सांगतोय आणि माझा मुलगा बंगळुरूहून दर रविवारी सकाळी दहाला फोन करतो, तब्येत विचारतो, पैसे हवेत का विचारतो, पाच मिनिटांत ठेवतो. तो लहान असताना मी रात्री नऊनंतर घरी यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा. रविवारी त्याला घेऊन आमराईत जायचो, भेळ, फुगा, सगळं एकदम. आठवड्याचं एका दिवसात. लोकांना जे करू दिलं नाही ते घरात चाललं होतं. पण कमिशनवर जगणाऱ्या माणसाला पेठ सोडून सातला घरी येता येत नाही. पेठ सातलाच पैसे देते. त्याच्या फीचे पैसे त्याच वेळेतून आले, हे त्याला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मी कधी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. मला अजूनही वाटतं की दुसरा मार्ग नव्हता. तुला आहे. तुझ्या खिशात फोन आहे आणि तीन मिनिटं कोणत्याही कंपनीत मिळतात.

शिस्तीचं तुला तुझ्या घरातलंच उदाहरण देतो, कारण बाबा स्वतःहून सांगणार नाहीत. तू जन्मायच्या आधीपासून ते माझ्या लाईनवर आहेत. लग्नसराईत, दिवाळीत ब्लाउजची कामं असायची तेव्हा वीस रुपये. आषाढात मशीन बंद असायचं तेव्हा पाच, कधी दोनसुद्धा. रक्कम कमी केली, पण ‘उद्या डबल’ हे त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकान बुडालं, दोन्ही मशीनं गाळात गेली. पाणी ओसरल्यावर मी पेठेत फिरायला लागलो ते कोण कसं आहे हे बघायला; पिशवी खांद्याला होती ती सवयीने. बाबा दारात बसून मशीनचं खोकं रॉकेलने पुसत होते. हात खाकी झालेले. मी काही बोललो नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून दहाची नोट काढली आणि म्हणाले, ‘पावती उद्या दिलीत तरी चालेल, पासबुक भिजलंय.’ मधले किती दिवस गेले, त्यांचं काय करायचं, असला एक शब्दही नाही. त्या खात्याची मुदत भरली तेव्हा रक्कम फार नव्हती. तुझ्या फीचा एक हप्ता मात्र त्यातूनच गेला.

तू त्यांची मुलगी आहेस आणि मला लिहितेस की माझ्यात शिस्त नाही. मला हे पुन्हा ऐकवू नकोस.

या शनिवार-रविवारी भरून काढायला काही घेऊ नकोस. एकाच गोष्टीपासून सुरू कर, बसमधून उतरून फेरी, बाकीचं महिनाभर तसंच राहू दे. दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तेवढीच फेरी, एक पाऊल जास्त नाही. उद्या डबल नाही. तुला हे शंभरदा सांगावं लागलं तरी सांगेन.

दोन गोष्टी विसरायच्या आत: नोकरी बदलणार असं बाबा म्हणत होते. बदललीस तर पीएफ काढू नकोस, नव्या कंपनीच्या खात्यात वळता करून घे. पाच वर्षांच्या आत काढला तर करही बसतो. नॉमिनीचं नाव लावलंस का तेही कळव. आणि काकूने मेतकूट केलंय, डबा बाबांकडे दिलाय. या वेळी कोणी येणार असेल त्याच्याबरोबर मागवून घे.

तुझा,
काका