‘सिनिकल’ला मराठीत काय म्हणावं?

नागपूरच्या एका ताई शाळेच्या वार्षिकांकाचं काम पाहतात. एका विद्यार्थिनीच्या निबंधात ‘माणसाने सिनिकल न होता ग्रेटफुल राहावे’ असं वाक्य होतं. ताईंनी ते ‘कृतघ्न न होता कृतज्ञ राहावे’ असं केलं. सोबतच्या सरांनी हरकत घेतली. दोघांचं एकमत होईना, म्हणून ताईंनी विचारलं आहे की ‘सिनिकल’ला नेमका शब्द कोणता. शिवाय ‘तुमच्याप्रती कृतज्ञ’ हे शुद्ध आहे का, असंही विचारलं आहे.

सरांची हरकत योग्य आहे. ‘कृत’ म्हणजे केलेलं. ते जाणणारा तो कृतज्ञ आणि ते मारून टाकणारा तो कृतघ्न. ‘घ्न’ हा शत्रुघ्नातलाच. जोडी कानाला फार गोड लागते, म्हणून तिचा मोह होतो. पण कृतघ्न ठरायला आधी कोणीतरी तुमच्यासाठी काही केलेलं असावं लागतं. सिनिकल माणसाला तेवढं थांबायची गरज नसते. ज्या माणसाशी अजून भेटही झालेली नाही, त्याच्याबद्दलही त्याचं मत ठरलेलं असतं.

‘निराशावादी’ म्हटलं तर रोख भविष्याकडे जातो: पाऊस येणार नाही, नोकरी लागणार नाही. सिनिकल माणसाचा रोख माणसांच्या हेतूवर असतो. ‘निंदक’ बोलून दाखवतो, हा कधी कधी नुसता ओठ मुडपून बसतो. ‘छिद्रान्वेषी’ला निदान छिद्र शोधावं लागतं. जुन्या लेखनात ‘दोषैकदृक्’ असा शब्द भेटतो, ज्याला फक्त दोषच दिसतो तो. अर्थाने हा सर्वांत जवळचा, पण नववीच्या मुलीच्या निबंधात तो दगडासारखा पडेल.

बोलीत मात्र या वृत्तीला नाव नसलं तरी वाक्यं भरपूर आहेत. आपल्या गल्लीतलंच पाहा. महिनोन्‌महिने बंद असलेला खांबावरचा दिवा एका संध्याकाळी लागतो. शिडीवरचा माणूस घाम पुसत खाली उतरतो आणि ओट्यावरून आवाज येतो, “निवडणूक आली असन.” शेजारच्या काकू वडाभाताचा डबा पाठवतात, तर “काहून पाठवला? काही काम असन तिचं.” शाळेतलं पोरगं म्हातारीला रस्ता ओलांडून देतं, तर “फोटो काढाले असन.” प्रत्येक वाक्यात तेच ‘असन’, म्हणजे ‘असेल’, आहे. डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही, नुसता अंदाज आहे आणि तोही दर वेळी एकाच बाजूला झुकलेला. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हा वाक्प्रचारही इथलाच. माझ्या मते सिनिकल वृत्तीचं मर्म ‘हेतूवर संशय’ यात आहे आणि मराठी प्रतिशब्दही तिथूनच घ्यावा.

मूळ शब्दाची वाट वेगळी आहे. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात अथेन्समध्ये डायोजेनीस हा तत्त्वज्ञ आणि त्याच्या पंथाच्या लोकांना ‘कुत्र्यासारखे’ अशा अर्थाचं विशेषण चिकटलं, त्यातूनच ‘सिनिकल’ आला. ग्रीकमधला कुत्र्याचा शब्द आणि संस्कृत ‘श्वन्’ एकाच मुळातले आहेत. घरदार, मानमरातब सोडून उघड्यावर राहणारी ती विरक्त माणसं होती. भर दिवसा दिवा घेऊन माणूस शोधणाऱ्या डायोजेनीसची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आजचा अर्थ या पंथापासून फार दूर आला आहे, म्हणून व्युत्पत्तीवरून शब्द घडवू नये. आपल्याकडे तर कुत्रं हे खाल्ल्या अन्नाला जागणारं, इमानी. ‘श्वानवृत्ती’ असं काही केलं तर वाचकाला नेमका उलटा अर्थ लागेल.

विद्यार्थ्यांना समजावताना आणखी एक फरक जरूर सांगावा. तक्रार करणं म्हणजे सिनिकल होणं नव्हे. नागपूरकराला हे सांगायला पोळा पुरेसा आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना आमंत्रण देतात, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” वर्षभर ज्या खांद्यावर जू होतं, नेमका त्याच खांद्याला हात लावायचा. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलजोड्या उभ्या असताना झडत्या, म्हणजे टोमणे मारणारी कवनं, म्हणतात आणि त्यांत सावकारापासून सरकारापर्यंत सगळ्यांना झोडपून काढतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी शहरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाचं प्रतीक असलेल्या मोठ्या बाहुल्यांची मिरवणूक, निघते. सोबत महागाई आणि भ्रष्टाचाराच्या पाट्या लावलेले बडगे, म्हणजे पुतळे, असतात आणि “इडा पिडा घेऊन जा गे मारबत” हा घोष चाललेला असतो. ही परंपरा सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे. ज्यांनी बैलाला आवतण दिलं, तीच माणसं झडती म्हणतात. महागाई जावी असं वाटतं म्हणूनच ती ओरडतात. सिनिकल माणूस ओरडत नाही, ‘काय होते त्यानं’ म्हणून घरी बसतो.

आता ‘ग्रेटफुल’कडे. ‘कृतज्ञ’ बरोबरच आहे, पण तो भाषणातला शब्द. घरातला शब्द ‘जाण’. “त्याला जाण आहे” यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मराठी माणूस क्वचितच देतो. उपकार मानतात किंवा फेडतात, उतराई होतात, आईवडिलांचे पांग फेडतात. काकूंच्या डब्याला ‘थँक्यू’ म्हणण्याची पद्धत अलीकडची आहे. पूर्वी डबा रिकामा परत देत नसत, घरात काही नसलं तर तळाशी चमचाभर साखर तरी घालत. आमच्याकडे अजूनही घालतात, आणि मुलांनीही ते शिकावं असं मला मनापासून वाटतं.

या शब्दांच्या शेजारीच ‘मिंधा’ उभा आहे, तो विसरू नये. उपकाराखाली मान वाकली की माणूस मिंधा होतो. ‘आभार’ या शब्दातही भार आहेच. मला वाटतं, ओट्यावरच्या त्या ‘असन’चं मूळ बऱ्याचदा इथे असतं. काकूंचं काही काम होतं असं एकदा ठरवलं की साखर घालायची गरज उरत नाही. मिंधेपणाची भीती टळते, पण डबाही नुसताच डबा राहतो. जाण असलेल्या माणसाला मात्र देणं लागण्याचा संकोच नसतो.

म्हणून ताई, वाक्य असं करून पाहा: ‘प्रत्येकाच्या हेतूवर संशय न घेता, आपल्यासाठी कोणी काही केले तर त्याची जाण ठेवावी.’ लांबी वाढली तरी मुलीला जे म्हणायचं आहे ते येतं. ‘सिनिकल’ तसाच ठेवायचा असेल तर देवनागरीत ठेवायला माझी हरकत नाही. एकच शब्द हवा असेल तर ‘संशयखोर’ घ्या, कारण तो चौथीतल्या मुलालाही कळतो. फक्त त्यात चोरी-लबाडीच्या संशयाची छटा अधिक आहे, हे ध्यानात असू द्या.

‘तुमच्याप्रती’ व्याकरणाने चूक ठरवता येणार नाही, ‘प्रति’ संस्कृतातूनच आला आहे. पण आज तो जागोजागी दिसतो तो हिंदीच्या सवयीने, आणि नागपुरात हिंदी तर कानावर सतत असते. मराठीत ‘तुमच्याविषयी कृतज्ञ’ किंवा ‘तुमच्याबद्दल कृतज्ञता’ सहज वाटतं, आणि समोरच्याशी थेट बोलताना ‘मी तुमचा ऋणी आहे’. अंकात मी ‘विषयी’ ठेवला असता.