वाचक विचारतात : कॉलेजातलं खत, गच्चीवरची भाजी आणि रक्ताची तपासणी

पर्यावरण, आरोग्य आणि वस्तीतलं काम या तिन्ही गोष्टी शहरातल्या कॉलेजात कशा चालवायच्या, यावर मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून पाच निवडले आहेत. यातले बहुतेक उपक्रम पैशाअभावी बंद पडत नाहीत. ते मोडतात दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत. त्यामुळे उत्तरांमध्ये कॉलेजचं वेळापत्रक पुन्हा पुन्हा येईल.

मुलीला शेती, पोषण आणि समाजकार्य या तिन्हींत रस आहे. शहरात राहून हे एका छताखाली शिकवणारं कॉलेज कुठे असतं का? – पालक, मुलुंड

असतं. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीच्या सरकारी विद्यापीठात ‘शेती, शहरी शाश्वतता आणि पर्यावरणशास्त्र’ या नावाचं कॉलेज आहे. त्यामागे १८६२चा मॉरिल कायदा आहे. त्या कायद्याने केंद्राच्या जमिनी राज्यांना दिल्या आणि त्या विकून आलेल्या पैशांतून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी कॉलेजं उभी राहिली. वॉशिंग्टन हे राज्य नाही. म्हणून तिथल्या फेडरल सिटी कॉलेजला १९६८मध्ये या कायद्याखालच्या ‘लँड ग्रँट’ (जमीन-अनुदान) कॉलेजचा दर्जा मिळाला तेव्हा जमिनीऐवजी ७२ लाख ४० हजार डॉलरचा निधी दिला गेला. हे कॉलेज आणि आणखी दोन संस्था मिळून आजचं विद्यापीठ झालं. शेजारच्या मेरिलँडमध्ये बेल्ट्सव्हिलला त्यांचं १४३ एकरांचं शेत आहे, आणि शहरात ‘अन्नकेंद्रं’ आहेत. भाजी पिकवणं, तिच्यावर प्रक्रिया करणं, ती वाटणं आणि कचरा-पाणी पुन्हा वापरात आणणं ही चारही कामं ही केंद्रं करतात.

आपली कृषी विद्यापीठंही याच अमेरिकी धर्तीवर निघाली. महाराष्ट्र कृषी विद्यापीठ १९६८चंच. पण त्यांचं तोंड खेड्याकडे राहिलं, आणि ते योग्यही होतं. मुंबईत हे तिन्ही विषय एकत्र मिळायचे नाहीत. निर्मला निकेतनचीही गृहविज्ञान आणि समाजकार्याची कॉलेजं वेगवेगळी आहेत. मुलीने पोषण किंवा समाजकार्य यांपैकी एकात पदवी घ्यावी आणि शेती हाताने शिकावी. उलटं करायचं असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी जाऊन राहण्याची तयारी हवी.

कँटीन आणि वसतिगृहाच्या मेसमधून रोज ४० किलो ओला कचरा निघतो. खताचे खड्डे केले, पण वास आणि अळ्यांमुळे दोन महिन्यांत बंद करावे लागले. २४ तासांत खत करणारं यंत्र घ्यावं का? – कार्यक्रम अधिकारी, राष्ट्रीय सेवा योजना, ठाणे

यंत्र घेऊ नका. २४ तासांत जे बाहेर पडतं ते वाळवून दळलेलं अन्न असतं, खत नव्हे. कुंडीत घालून पाणी दिलं की ते पुन्हा कुजायला लागतं आणि मुळं जळतात. शिवाय तापवण्याचं वीजबिल वेगळं.

तुमचा वास कोरड्या मालाच्या कमतरतेचा आहे. उरलेल्या अन्नात नत्र आणि पाणी जास्त असतं. त्याला पालापाचोळ्याचा कर्ब आणि त्यातली हवा मिळाली नाही तर ते सडतं. एक बादली ओल्या कचऱ्याला सव्वा बादली चुरलेला पाला, असं मापाने घाला. वजनात ४० किलोला साधारण १२ किलो पाला होतो. आमटी-रश्शाचं पाणी आधी चाळणीतून निथळून घ्या. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच राहून जातं.

खड्डा खणू नका, पावसाळ्यात त्यात पाणी भरतं. जमिनीवर जाळीदार विटकामाचे एक मीटर लांब, रुंद आणि उंच असे हौद बांधा आणि वर पत्र्याची शेड घाला. याहून लहान हौदात उष्णता टिकत नाही. तुमचा रोजचा मिसळलेला माल दबून १२० लिटरच्या आसपास राहील, म्हणजे एक हौद आठ दिवसांत भरेल. सात हौद असले तर सातवा भरेपर्यंत पहिल्याला ४८ दिवस मिळतात. तेवढ्यात माल काढून चाळता येतो. जाड तुकडे पुढच्या हौदात टाकायचे.

तळाला सहा इंच काटक्या, मग रोजचे थर, आणि प्रत्येक थरावर दोन घमेली जुनं खत. पहिल्या वेळी शेणकाला चालेल. विकतचं कल्चर (जिवाणूंचं विरजण) लागत नाही. भरलेला हौद आठवड्यातून एकदा फावड्याने वरखाली करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधला भाग ५५ अंशांच्या वर जायला हवा. लोखंडी सळई दहा मिनिटं खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर ती हातात धरवली नाही, तर काम नीट चाललंय.

सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कमी आहे. पाला घालून वरखाली करा. डोळ्यांत चुरचुरणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त आहे, म्हणजे पुन्हा पालाच. मूठभर माल दाबल्यावर दोन-चार थेंब यावेत. धार लागली तर ओल जास्त, आणि काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. मळकट रंगाच्या जाड अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या अन्न खातात, रोग पसरवत नाहीत. वर चार बोटं पाला पसरला की माशी अंडी घालायला येत नाही.

आता मुख्य अडचण. २२० कामाच्या दिवसांना मिळून सव्वीसशे किलोंहून जास्त पाला लागतो, आणि तो गळतो मुख्यत्वे फेब्रुवारी-मार्चमध्ये, परीक्षेच्या धांदलीत. तेव्हाच गोण्यांत भरून शेडखाली रचला नाही तर जुलैत काहीच हाताशी नसतं. तशी वेळ आलीच तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा सुतारकामाचा भुसा वापरा. प्लायवुडचा भुसा नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. मेस बंद होण्याच्या आठ दिवस आधी नवा हौद सुरू करू नका. सुट्टीत आठवड्यातून एकदा पाणी शिंपडायला माळीबुवा पुरे, पण त्यांच्या कामाच्या यादीत ते लेखी असावं आणि त्याचे पैसे मिळावेत. विद्यार्थ्यांच्या पाळ्यांवर सुट्टीतलं काम सोपवू नका.

इमारत ४० वर्षांची आहे. गच्चीवर मातीचे वाफे करून भाजी लावता येईल का? – वनस्पतिशास्त्र विभाग, सोलापूर

सलग वाफे नकोत. ओली माती घनमीटरला सुमारे १,७०० किलो भरते. एक फूट जाडीचा वाफा म्हणजे चौरस मीटरला ५०० किलो. वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात धरलेला भार १५० किलोंच्या आसपास असतो. माती, कोकोपीट आणि खत सम प्रमाणात घेऊन हलकं मिश्रण केलं, तरी ते ओलं असताना अर्ध्या फुटातच ही मर्यादा ओलांडतं. वर चालणारी माणसं वेगळीच.

आधी संरचना अभियंत्याकडून बीम आणि खांब कुठे आहेत ते नकाशावर खूण करून घ्या. मग १५ लिटरच्या पिशव्या फक्त बीमच्या रेषेवर, चार इंच उंच घडवंचीवर ठेवा. खाली झाडू फिरला पाहिजे. तुंबलेल्या पन्हाळीमुळे गच्ची गळते आणि दोष बागेवर येतो.

जूनच्या शेवटी पालक, मेथी, लाल माठ, मुळा लावा. सगळं दिवाळीच्या सुट्टीआधी काढून होतं. टोमॅटोचा मोह टाळा, कारण फळ धरतं तेव्हा परीक्षा असते. सोलापूरच्या उन्हात मे महिन्यात गच्चीवर काही ठेवू नका. मिश्रण ताडपत्रीखाली ढीग करून ठेवावं आणि जूनमध्ये नवं खत मिसळून पुन्हा भरावं.

रक्तदान शिबिरात आमच्या निम्म्याहून जास्त मुलींना रक्त कमी म्हणून परत पाठवलं. त्या सगळ्यांना ॲनिमिया आहे असं समजायचं का? – प्राध्यापिका, नाशिक

नाही. रक्तदानासाठी हिमोग्लोबिन १२.५ लागतं. गरोदर नसलेल्या स्त्रीला १२च्या खाली गेल्यावर ॲनिमिया म्हणतात, आणि ८च्या खाली तो गंभीर असतो. १२.२ असलेली मुलगी दाता होऊ शकत नाही, पण ती आजारी नाही. काही जणी वजन ४५ किलोंपेक्षा कमी म्हणूनही परत गेल्या असतील. शिबिराच्या नोंदीत कारण वेगळं लिहायला सांगा.

वेगळी तपासणी घेणार असाल तर पहिला थेंब पुसून पुढचा घ्या. बोट पिळलं तर रक्तात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरायला सांगा. निकाल प्रत्येकीच्या हातात द्या. फलकावर यादी लावली की पुढच्या वर्षी कुणी येत नाही.

तपासणी जुलैतच घ्या. ॲनिमियावर डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या तर महिन्याभरात हिमोग्लोबिन सुमारे एकाने वाढायला हवं, आणि पातळी नीट झाल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने गोळ्या लागतात. फेब्रुवारीत तपासलं तर पाठपुराव्याच्या वेळी मुली गावी गेलेल्या असतात. सरकारी योजनेतली आठवड्याची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १९ वर्षांपर्यंत निळी, पुढे लाल) प्रतिबंधासाठी असते. ॲनिमिया झालेल्या मुलीला ती पुरत नाही.

गोळ्या मध्येच सोडण्याचं नेहमीचं कारण मळमळ. रात्रीच्या जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. शौच काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून बंद करतात. चहा आणि कॅल्शियमची गोळी यांपासून किमान तासभर अंतर ठेवा. नियमित गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी) रक्तचाचणी करा. मुलगी सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषांची वाहक आहे का, ते त्यात कळतं. नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे विसरू नका.

राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायला आम्ही वस्तीत सर्वेक्षण करतो. लोक आता दार उघडत नाहीत. – स्वयंसेवक, पिंपरी

बरोबरच आहे त्यांचं. दरवर्षी नवी तुकडी तेच प्रश्न घेऊन येते आणि मागच्यांनी काय केलं ते कुणालाच माहीत नसतं. एकच गल्ली, साठ-सत्तर घरं घ्या आणि ती किमान तीन वर्षं सोडू नका. मागच्या तुकडीची वही ताब्यात घेतल्याशिवाय नवी पाहणी करू नका. पाहणीचे तास २०च्या वर जाऊ देऊ नका. उरलेले १०० तास लोकांनी मागितलेल्या एखाद्या कामाला द्या, मग ते लसीकरणाच्या तारखांची आठवण करून देणं असो किंवा नळाच्या टाकीची सफाई. जाण्याची वेळ वस्तीतल्या आशाताईंना (आरोग्यसेविकांना) विचारून ठरवा. दुपारी बाराला बहुतेक बायका कामावर असतात.