प्रश्न तुमचे: पहाटेची लाळ, नातवाचं नाक आणि लॅबचा आकडा

प्रश्न : मॅडम, आमचे हे पहाटे उठल्याबरोबर चूळ न भरता तांब्याभर पाणी पितात. रात्रभर साठलेल्या लाळेत अँटीबॉडी असतात, त्या पोटात गेल्या की सर्दी-खोकला होत नाही, असं तळजाईवर फिरायला येणाऱ्यांपैकी कोणीतरी सांगितलंय. इकडे नातू बालवाडीत जायला लागल्यापासून सारखा सर्दीने हैराण. त्याच्या तोंडात अँटीबॉडी नाहीत की काय? एक लॅब लाळेवरून इम्युनिटी तपासून देते म्हणे. करून घ्यावी का?
— एक आजी, सहकारनगर

उत्तर : आजी, तुमच्या यजमानांचं निम्मं बरोबर आहे आणि पंचाईत त्या निम्म्याचीच आहे. लाळेत अँटीबॉडी असतात. त्यातली मुख्य आयजीए. ती रक्तातून गळून तोंडात येत नाही. लाळग्रंथींतच बसलेल्या पेशी ती तयार करतात. तिचे दोन रेणू जोडलेले असतात आणि ग्रंथीच्या अस्तरातून बाहेर पडताना तिला एका प्रथिनाचं आवरण मिळतं, त्यामुळे पाचक रस तिला चटकन तोडू शकत नाहीत. विषाणूला ती चिकटली की त्याला आपल्या पेशीवर पकड घेता येत नाही. मग तो शेंबडाबरोबर, थुंकीबरोबर वाहून जातो किंवा गिळला जातो. अश्रूंत, नाकाच्या स्रावात, आईच्या पहिल्या चिकाच्या दुधात हीच आयजीए असते.

रात्री लाळ कमी झिरपते, म्हणून पहाटेच्या लाळेत आयजीए दाट असते, हेही कबूल. पण दिवसभरात आपण साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ अशीही गिळतोच, कोणी न सांगता! पहाटेच्या घोटाने त्यात काय भर पडणार? शिवाय सर्दीचा विषाणू शिरतो तो मुख्यतः नाकातून. दारावरच्या वॉचमनला आत जेवायला बसवलं, तर दार कोण राखणार? पाणी जरूर प्यावं; त्यासाठी ब्रश थांबवायचं कारण नाही. रात्रभरात तोंडात जीवाणूही वाढलेले असतात. तोंडाला सकाळी वास येतो तो त्यामुळेच.

लाळेत लायसोझाइम नावाचं जीवाणू मारणारं प्रथिनही असतं. ते अलेक्झांडर फ्लेमिंगला एका सर्दीच्या शेंबडात सापडलं आणि 1922 साली त्याने ते जाहीर केलं. पेनिसिलिनच्या कितीतरी आधी. विद्यार्थ्यांना ही हकिकत सांगितली की वर्ग हमखास नाक मुरडायचा. पण लायसोझाइमचा भर जीवाणूंवर, सर्दीच्या विषाणूंवर त्याची मात्रा फारशी चालत नाही.

आता नातू. जन्मतः बाळाची स्वतःची आयजीए जवळजवळ नसतेच. आईच्या दुधातून मिळते, मग काही वर्षांत स्वतःची वाढत जाते. त्यात सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसचेच शंभराहून अधिक प्रकार. एकासाठी तयार झालेली आयजीए दुसऱ्याला बहुधा ओळखत नाही आणि जी तयार होते तीही काही महिन्यांत ओसरू लागते. बालवाडीच्या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या म्हणजे आजार नव्हे. मात्र वारंवार न्यूमोनिया, कान सतत फुटणं किंवा वजन न वाढणं यातलं काही असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

लाळेची तपासणी? माझं मत स्पष्ट आहे: पैसे वाचवा. लाळ जास्त सुटली की आयजीए विरळ होते, तोंड कोरडं असलं की दाट. चिंच चघळून नमुना दिलात तर एक आकडा, उपाशी पोटी दिलात तर दुसरा. सर्दीवरच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, तेव्हा तिसरा. त्यावरून ‘तुमची इम्युनिटी अमुक टक्के’ म्हणणं याला मी शास्त्र म्हणणार नाही. आयजीए खरोखरच कमी असल्याची शंका आली तर डॉक्टर रक्त तपासतात आणि कमी निघालेल्यांतल्या बहुतेकांना त्रासही नसतो.

आता लशींचं. दंडात टोचलेली फ्लूची किंवा करोनाची लस रक्तात अँटीबॉडी वाढवते. ती फुप्फुसं सांभाळते, पण नाकातली आयजीए फारशी वाढवत नाही. म्हणून टोचून घेतलेल्यालाही सर्दी-ताप होतो, पण दवाखान्यात दाखल व्हायची वेळ कमी येते. नाकातून द्यायच्या लशींमागचा विचार हाच. 2009 च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुणं मास्क लावून बसलं होतं, आठवतंय ना? पुढच्याच वर्षी आपल्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर नाकात फवारायची नेझोव्हॅक बाजारात आणली. करोनावर भारत बायोटेकची नाकातली लस 2023 च्या जानेवारीत आली.

यजमान पासष्टीच्या पुढचे असतील, तर फ्लूच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, तेव्हा मे महिन्यातच विचारलेलं बरं. दरवर्षी घ्यावं लागतं, कारण विषाणू रूप बदलतो. तांब्या चालू राहू दे. आधी चूळ भरायला लावा.