व्हीएआरमधील विसंगती कॅमेऱ्यात नाही, निकषात आहे

एका सदस्याने विचारले आहे की, फुटबॉलमध्ये व्हीएआर (मैदानाबाहेरच्या खोलीत बसून चित्रण तपासणारा व्हिडिओ सहायक पंच) असूनही दोन सामन्यांत सारखाच हँडबॉल (चेंडूला हात लागणे) होऊन एकात पेनल्टी मिळते आणि दुसऱ्यात मिळत नाही, तर सगळे निर्णय यंत्रावरच का सोपवू नयेत. सोलापुरात शालेय आणि जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत मी बरीच वर्षे पंच म्हणून उभा राहिलो आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

जे मोजता येते ते यंत्राने मोजावे, याबद्दल माझे दुमत नाही. २०२२ च्या कतार विश्वचषकात ऑफसाइडसाठी, म्हणजे सहकाऱ्याने चेंडू दिला त्या क्षणी आक्रमक खेळाडू बचावाच्या पुढे होता का हे पाहण्यासाठी, १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतील सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. हँडबॉलमध्ये मात्र हात शरीराचा आकार अस्वाभाविकपणे वाढवत होता का, हे माणसालाच ठरवावे लागते. म्हणून तेथे निकष घट्ट हवा. नियमानुसार व्हीएआरने ‘स्पष्ट आणि उघड चूक’ किंवा पंचाच्या नजरेतून सुटलेली गंभीर घटना असेल तरच हस्तक्षेप करायचा असतो. परंतु खोलीतला पंच ‘मैदानावरचा निर्णय टिकण्यासारखा आहे का’ असे विचारण्याऐवजी ‘मी असतो तर काय दिले असते’ असे विचारू लागला की त्याच सामन्याला दोन पंच होतात, आणि विसंगती तेथूनच सुरू होते.

दुसरे कारण संथ चित्रण. एका शालेय सामन्यात मी एका बचावपटूला पिवळे कार्ड दाखवले होते. संध्याकाळी एका पालकाने मोबाइलवर तो प्रसंग संथ करून दाखवला, तेव्हा बूट घोट्यावर टेकलेला दिसत होता आणि जमलेले सगळे ‘लाल, लाल’ म्हणाले. तोच तुकडा मूळ वेगाने लावल्यावर त्यांच्यातच दोन तट पडले. संपर्क नेमका कोठे झाला हे संथ चित्रणात पाहावे आणि धडकेची तीव्रता मूळ वेगात, हे नियमांत आहेच; माझा आग्रह एवढाच की मूळ वेगाचे चित्रण प्रत्येक वेळी आधी दाखवावे, कारण पहिले चित्र मनातून पुसले जात नाही.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ३० सप्टेंबर २०२३ रोजी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस दियासचा वैध गोल नाकारला गेला. मैदानावर ऑफसाइड दिला होता, पण खोलीतल्या पंचाचा समज गोल दिल्याचा होता. त्याने तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले, मैदानावर त्याचा अर्थ ऑफसाइड कायम असा घेतला गेला आणि खेळ पुढे सुरू झाला. सोलापूर हे रेल्वेचे गाव आहे. इंजिनात चालक आणि सहचालक, दोघांनाही सिग्नल दिसत असतानाही तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. ‘मैदानावरचा निर्णय ऑफसाइड, आमचा निष्कर्ष गोल, निर्णय बदला’ इतके शब्द सक्तीचे असते तर तो गोल राहिला असता. असे संभाषण प्रेक्षकांनाही ऐकू यावे. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंच अंतिम निर्णय स्टेडियममध्ये जाहीर करत होते, पण त्यामागची चर्चा ऐकू येत नव्हती.

आपल्यासारख्या मैदानांसाठी फिफाची ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’ ही पद्धत मला अधिक योग्य वाटते. तिच्यात वेगळा व्हिडिओ पंच नसतो. प्रत्येक संघाला दोन दाद मागता येतात, दाद मान्य झाली तर ती शिल्लक राहते, आणि चित्रण मैदानावरचा पंच स्वतः पाहतो. कॅमेरे थोडे लागतात, आणि पूर्ण सामन्याचा निकष एकाच माणसाच्या हाती राहतो.