अमेरिकेतल्या रेनेसाँ फेअरमध्ये (जुन्या इंग्लंडच्या वेषातली जत्रा) राणीचा पहारेकरी म्हणून स्वयंसेवा करायची आहे. भारतीय दिसणाऱ्या माणसाला घेतात का? काम नेमकं काय असतं?

घेतात. मी कॅलिफोर्नियात सहा सीझन हे काम केलंय, आणि पहिल्या मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला होता : उन्हात चार तास उभं राहता येईल का? तुम्ही लिहिलंय की तलवार आयुष्यात हातात धरलेली नाही. धरावी लागणारही नाही.

पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीत ढोल पथकाभोवती दोरी धरून चालणारी पोरं पाहिली असतील. पहारेकरी म्हणजे ती दोरी. मी कॉलेजात दोन वर्षं दोरीच धरली, ढोल काही कमरेला आला नाही. त्यामुळे राणीच्या स्वारीपुढे पहिल्यांदा चाललो तेव्हा काम ओळखीचं निघालं. फक्त दोरीच्या जागी सात फुटी हॅलबर्ड (लांब दांड्याला भाल्याचं टोक आणि कुऱ्हाडीचं पातं, अर्थात बोथट) आणि पथकाच्या कुर्त्याच्या जागी लोकरीचा डगला.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९६३ मध्ये फिलिस पॅटरसन या शिक्षिकेनं आणि तिचा नवरा रॉन यानं लॉस एंजेलिसमध्ये केपीएफके या रेडिओ केंद्राला पैसे जमवून द्यायला सोळाव्या शतकातल्या इंग्लंडची जत्रा भरवली. ती लोकांना इतकी आवडली की पुढे देशभर लोण पसरलं : मिनेसोटात १९७१ पासून, टेक्ससमध्ये १९७४ पासून. बहुतेक ठिकाणी एक साल आणि एक राजा किंवा राणी ठरलेली असते. विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या जत्रेत १५७४ मध्ये एलिझाबेथ राणी ब्रिस्टॉलला आली तो दिवस चालू असतो, मेरीलँडमध्ये आठवा हेन्री असतो. शनिवार-रविवारी सहा-आठ आठवडे हे चालतं. लोक तिकीट काढून येतात, टर्कीच्या तंगड्या खातात, घोडेस्वारांच्या झुंजी बघतात, आणि मधूनच कोणीतरी ओरडतं, ‘मेक वे फॉर द क्वीन!’ ते ओरडणारे आम्ही.

वाट करून देणं ही कला आहे, आणि ती शिकायला मला एक अख्खा सीझन लागला. ढकलायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही. हॅलबर्ड कायम उभा. आडवा धरून गर्दी अडवायचा मोह होतो, पण मग पातं नेमकं लहान मुलांच्या डोळ्यांशी येतं. सगळा खेळ नजरेचा आणि आवाजाचा. बाबागाडीवाल्या आईला तीस पावलं आधी गाठायचं, कारण तिला वळायला वेळ लागतो. फोन समोर धरून उलटं चालणारा माणूस सगळ्यात धोक्याचा, त्याला काही ऐकू येत नाही. अशा वेळी मला नेहमी वारीतला चोपदार आठवतो. समाज आरतीच्या वेळी त्यानं चोप उंच केला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात, आणि ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच तेवढी टाळ वाजवत राहते. ती ताकद माझ्या हॅलबर्डात कधी आली नाही. माझ्यासाठी एखादी आजी बाजूला झाली, तरी मी तिला वाकून नमस्कार करायचो.

स्वारी दिवसातून दोन-तीनदा. उरलेला वेळ राणीच्या मांडवाबाहेर उभं राहायचं. बकिंगहॅम पॅलेससारखं दगड होऊन उभं राहणं इथे अपेक्षित नाही, उलट बोलायचं असतं. दहातले नऊ प्रश्न शौचालय कुठे आहे हेच. त्याला जत्रेत ‘प्रिव्ही’ म्हणतात. माझ्या मते चांगला पहारेकरी म्हणजे ज्याला सगळ्या प्रिव्ही, सगळे पाण्याचे नळ आणि सावलीतली सगळी बाकं पाठ आहेत तो. एकदा हेल्मेट गरम होऊन कपाळाला चटका बसला आणि तोंडातून ‘आई गं!’ निघालं. शेजारून लगेच आवाज आला, ‘अय्या, तू मराठी का रे?’ मुलाकडे आलेल्या एक काकू होत्या, ठाण्याच्या. पुढचा प्रश्न प्रिव्हीचाच होता, पण त्या दिवशी तो मराठीत आला.

आता भारतीय दिसण्याबद्दल. पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारतंच, ‘एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये भारतीय होते का?’ यावर चिडायचं नाही, गोष्ट तयार ठेवायची. प्रत्येक पहारेकऱ्याला आपलं पात्र स्वतः रचावं लागतं. माझं पात्र असं : राल्फ फिच नावाचा लंडनचा व्यापारी १५८३ मध्ये अकबरासाठी राणीचं पत्र नेणाऱ्या तुकडीबरोबर निघाला, होर्मुझला पोर्तुगीजांनी त्याला आणि सोबत्यांना पकडून गोव्याच्या तुरुंगात आणून टाकलं. हे सगळं खरं. त्यांना जामिनावर सोडवायला मदत केली ती थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्यानं, म्हणजे १६१६ मध्ये छापलेलं ‘क्रिस्तपुराण’ मराठीत लिहिणारा तोच. १५८४ मध्ये फिच गोव्यातून निसटला आणि फिरत फिरत १५९१ मध्ये लंडनला पोचला. त्याच्याबरोबर एक गोवेकर पोरगा आला असं मी जोडून दिलं. एवढंच खोटं. आमच्या जत्रेचं साल त्यानंतरचं असल्यामुळे ते बसलंही. राणीच्या अंगणात उभं राहून अमेरिकन लोकांना सांगायचं की तुमच्या या इंग्लंडचा एक माणूस समुद्रापलीकडे बसून मराठीत ओव्या लिहितोय, यात मला जी मजा आली ती दुसऱ्या कशात नाही.

भाषेची भीती तर काढूनच टाका. उच्चार तिथे कोणाचाच खरा नसतो. गिल्डमध्ये (हौशी लोकांचे गट, त्यांच्यामार्फतच बहुतेकांना प्रवेश मिळतो) भाषेचा वर्ग घेतात. त्यात अमेरिकन लोकांची दमछाक होते ती ‘दाऊ’ आणि ‘यू’मध्ये. मित्राला, मुलाला, नोकराला दाऊ, थोरामोठ्यांना यू. त्यांना ते गणितासारखं पाठ करावं लागतं, आणि तरी भर दरबारात राणीला दाऊ म्हणून बसतात. आपल्याला तू आणि तुम्ही बाळकडूतच मिळालंय. मी पहिल्या दिवसापासून एकदाही चुकलो नाही.

वेषातला पहारेकरी आणि खरी सुरक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र पक्कं डोक्यात ठेवा. खरे सुरक्षारक्षक साध्या युनिफॉर्ममध्ये, वॉकीटॉकी घेऊन फिरतात. पाहुण्यांनी आणलेल्या तलवारी दारातच म्यानाला प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून देतात. तिसऱ्या वर्षी एका पठ्ठ्यानं ती पट्टी कापली आणि बिअरच्या चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर फोटोसाठी तलवार उपसायला लागला. माझा जोडीदार रक्षक आणायला पळाला. मी मोठ्यानं जाहीर केलं की या सरदारांचं चित्र काढायची राणीची आज्ञा झाली आहे, चित्रकार रंग खलतोय, तोवर सरदारांनी दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून छाती पुढे काढून स्तब्ध उभं राहावं. तो खरंच राहिला! लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला आणखी चेव आला, त्यानं हनुवटीही वर केली. तीन मिनिटांनी रक्षक आले तेव्हा माझा डगला पाठीवर चिकटला होता, आणि तो घाम उन्हाचा नव्हता.

आणि मूल हरवलं असेल तर पात्र तिथेच सोडायचं. गुडघ्यावर बसायचं, हेल्मेट काढायचं, साध्या इंग्रजीत बोलायचं. हेल्मेट घातलेला दाढीवाला माणूस रडणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीला कसा दिसत असेल, विचार करा.

उन्हाचं सांगतो, कारण यात मी स्वतः आपटलोय. आत लिनन सदरा, त्यावर डब्लेट (अंगाला घट्ट बसणारं जाकीट), त्यावर लोकरी डगला, आणि पारा ३८ वर. तुमान डब्लेटला नाड्यांनी बांधलेली असते. प्रिव्हीत जाऊन त्या दहा-बारा नाड्या सोडायच्या आणि परत बांधायच्या, या कंटाळ्यापायी दुसऱ्या वर्षी एक दिवस मी पाणीच कमी प्यायलो. दुपारी राणी भाषण करत असताना हॅलबर्डसकट खाली. हॅलबर्ड आधी पडला म्हणून कोणाला लागलं नाही. तेव्हापासून मागच्या नाड्या तेवढ्या सैल बांधतो.

मिळतं काय? पैसे नाहीत. फुकट पास, तंबू ठोकायला जागा, कधी जेवण. माझे पहिल्या वर्षी चारशे डॉलर गेले, त्यातले निम्मे बुटांवर. गिल्डमध्ये आपल्या मंडळांसारखंच राजकारण असतं : दोन तट, एक खजिनदार, आणि ‘आम्ही सुरुवातीपासून आहोत’ म्हणणारे चारजण. ते मी हसण्यावारी नेलं. खटकलं ते एवढंच की तिकिटाचे पैसे घेणारी जत्रा अनेकदा नफ्यासाठी चालवलेला धंदा असते आणि तिची शोभा आम्ही फुकट वाढवतो. सहा वर्षांत याचं उत्तर मला सापडलं नाही, तरी मी दरवर्षी जात राहिलो.

यातूनच एक महत्त्वाचं. तुम्ही विद्यार्थी व्हिसावर किंवा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. नफा कमावणाऱ्या कंपनीसाठी, एरवी पगार देऊन करून घेतात असं काम तुम्ही फुकट केलंत, तरी ते परवानगीशिवाय केलेली नोकरी धरलं जाऊ शकतं. ना-नफा संस्थेसाठी केलेल्या सेवेची गोष्ट वेगळी, त्यामुळे गिल्डची नोंदणी कशी आहे तेही विचारून घ्या. मी स्वतः ग्रीन कार्ड हातात आल्यावर गेलो.

जत्रा सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी सराव चालू होतात, म्हणजे गिल्डला त्याच्याही आधी लिहा. चष्मा चालतो का, हे मेलमध्येच विचारा. काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी लेन्स लावायला सांगतात. आणि बूट आत्ताच घ्या. चामड्याचे, आत जाड सोल घालता येईल असे अर्धा नंबर मोठे. घरात घालून भांडी घासा, स्वयंपाक करा, दोन तास उभे राहा. बायको हसेल, हसू द्या.